खालच्या लेयरला हात लावायचा नाही

३ मार्च, रविवार

आज आमची मुंगी, नवऱ्याची लेक, जेवायला आली आणि जाताना मला कामाला लावून गेली. महिनाअखेरीला तिचं लग्न. सकाळी नोंदणी, संध्याकाळी हॉलमध्ये जवळची माणसं, आणि पडद्यावर एक छोटीशी फिल्म, तिच्या लहानपणापासून आजपर्यंतची.

"मावशी, फिल्म तूच करायचीस. एका चित्रातून दुसरं चित्र अलगद काढणं तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही."

मी टम्म फुगले. हेच तर माझं पोटापाण्याचं काम. औषधांच्या जाहिराती, इस्पितळांचे माहितीपट, कंपन्यांचे वाढदिवस. चित्रांचे लेयर एकावर एक रचायचे आणि एक जाऊन दुसरं कधी आलं हे बघणाऱ्याला कळूसुद्धा द्यायचं नाही. घरात मात्र याचं कौतुक करायला कुणाला सवड नाही. नवरा अजून लोकांना सांगतो, "ही कॉम्प्युटरवर असते." कॉम्प्युटरवर मांजरसुद्धा असते.

दारात बूट घालता घालता मुंगी म्हणाली, "आणि त्यात आई पण हवी हं. ती येतेय. तिचे व्हिडिओ पाठवते म्हणालीये."

आई म्हणजे डॉक्टरीणबाई, नवऱ्याची पहिली बायको. जहाजावर डॉक्टर आहेत. मुंगी सहा वर्षांची असताना दोघं वेगळी झाली, तीही भांडणतंटा न करता, आणि हेच मला कधी पचलं नाही. भांडून गेलेल्या बाईला निदान नावं तरी ठेवता येतात. वर्षभराने मी या घरात आले आणि मावशी झाले. बाई झाल्या सुट्टीतली आई. वर्षातून दोनदा बंदराला लागायचं, शंखशिंपले आणि चॉकलेटं वाटायची, आठवडाभर लाड करायचे की पुन्हा बोट पकडायची. ताप, पाढे, उवा आणि हलणारे दात माझ्या वाट्याला.

आता फिल्ममध्येही त्याच. आयत्या बिळावर नागोबा. (मी या घरात आले तेव्हा नणंदेने हीच म्हण माझ्यासाठी वापरली होती हे मला ठाऊक आहे. पण ती बाईंना जास्त शोभते.)

एकच बरं झालं. "शेवटची फ्रेम कोणती ते तू ठरव," असं मुंगी म्हणाली. मला माझ्या धंद्यात एवढं कळतं की लोक घरी जाताना शेवटची फ्रेम घेऊन जातात. त्या फ्रेममध्ये मुंगीच्या शेजारी कोण उभी असेल, तीच तिची आई. बाकी सगळं नात्यागोत्याचं बोलणं. ही फ्रेम मी सोडणार नाही.

७ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंचे व्हिडिओ आले. बघून पोटात दुखायला लागलं, खरोखरचं.

बाई डेकवर उभ्या, बाई शिडीवरून उतरताना, बाई कप्तानाशी हसताना. मागे समुद्र. गळ्यातला स्कार्फ नेमका हवा तसा उडतोय. वारासुद्धा त्यांच्या बाजूचा! माझे केस वाऱ्यात उडले की मी झाडूसारखी दिसते.

मग माझ्याकडच्या क्लिप काढल्या. ढीग आहे. मुंगी सायकलवर, मुंगी शाळेच्या नाटकात झाड झालेली, मुंगी पडलेला दात दाखवताना. आणि मी? कुठेच नाही. सगळं मीच काढलेलं, मग मी दिसणार कशी? एका क्लिपमध्ये कोपऱ्यात माझा अंगठा आहे. अंगठा मात्र स्पष्ट आला आहे.

आवाज तेवढा माझा सगळीकडे. "बटण लाव." "सावकाश." "नाक पूस आधी." "मुंगी, इकडे बघ." कावळा परवडला. पहिल्यांदा काय केलं असेल तर सगळ्या क्लिपांचा आवाज काढून टाकला. वर छान संगीत घालणार आहे. लग्नाच्या हॉलमध्ये माझ्या तोंडाचा पट्टा कशाला?

सगळ्यात चांगला शॉट निघाला तो बंदराच्या धक्क्यावरचा. मुंगी आठ वर्षांची असेल. बाईंचा हात धरून पाठमोरी चालली आहे, उन्हं उतरलेली, दोघींच्या लांब सावल्या. हासुद्धा मीच काढलेला. त्या दिवशी मला कॅमेरा धरून मागे उभं केलं होतं, हमालासारखं. पण मुंगीने शॉटची वाट लावली आहे. आईचा हात धरून चालते आहे आणि सारखी मागे वळून कॅमेऱ्याकडे बघते. तेव्हाही किती ओरडले होते, समोर बघ म्हणून. ही तिची खोड जन्माची.

११ मार्च, सोमवार

मुंगीने लग्नाचा ड्रेस पसंत केला. तो कसा, तर तिकडे जहाजावर आईला व्हिडिओ कॉल लावून. दोघी तासभर हसत होत्या. मला काय आलं? खालची पट्टी दोन बोटं वर घेऊन दे, असा फोन.

मी म्हटलं, "आईलाच विचार की, टाका कुठला घालायचा ते."

"तिला टाके माणसांना घालता येतात गं," म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

त्यानंतर दुपारी पुन्हा फोन. कॉलरवरचा शाईचा डाग कशाने जातो? मग पुन्हा फोन. घसा दुखतोय, गरम पाण्यात काय घालून गुळण्या करू? म्हटलं, "तुझी आई डॉक्टर आहे ना?" तर म्हणते, "ती गोळीचं नाव सांगेल. तू सांग ना." संध्याकाळी आणखी एक फोन, काही काम नव्हतंच. बसची वाट बघत उभी होती म्हणून केला म्हणे.

हसण्याखिदळण्याला त्या, गुळण्यांना मी. वेळ घालवायलाही मीच. कामापुरता मामा म्हणतात, तशी ही कामापुरती मावशी. नवऱ्याला सांगितलं तर वर्तमानपत्राच्या मागून म्हणाला, "मग फोन घेऊ नकोस." मी न घेऊन कसं चालेल? घसा दुखत होता तिचा.

१४ मार्च, गुरुवार

फिल्मचा मुख्य तुकडा घेतला. धक्क्यावरून आईचा हात धरून जाणारी लहान मुंगी, आणि तिच्यातून वर येणारी आजची मुंगी, त्याच धक्क्यावर एकटी चाललेली. आजचा शॉट मी मागच्या रविवारी जाऊन काढला. घोडी एवढी मोठी झाली पण चालताना पुन्हा मागे वळलीच.

खाली जुना लेयर, वर नवा. मी वरचा चढवत नेला, म्हणजे हळूहळू ठळक करत, आणि त्याच वेळी खालचा उतरवायला, म्हणजे फिका करायला घेतला. डॉक्टरीणबाईंना जरा आधीपासूनच उतरवलं, म्हणजे मुंगी मोठी होऊन येईपर्यंत त्या निम्म्या पुसलेल्या असतील. कल्पना छान होती.

पण मध्येच अंधारून येतं. सुरुवात लख्ख, शेवट लख्ख, आणि बरोबर मधोमध चित्र काळवंडतं, ढग आल्यासारखं. धक्का काळा, समुद्र काळा, मुंगीचा चेहरासुद्धा. रंग उजळून बघितले, वेग बदलून बघितला, पुन्हा सगळं पहिल्यापासून रचलं. काही फरक नाही.

माझं मत असं की जुन्या शॉटमध्येच खोट आहे. ती बाई जिथे येते तिथे असं काहीतरी होतंच.

१५ मार्च, शुक्रवार

आज फार अपमान झाला.

आमच्या स्टुडिओत रंगकाम बघणारा एक चष्मेवाला आहे. मीच त्याला हाताला धरून शिकवलं. कॉफी घेऊन मागून जात होता, पडद्यावर एक नजर टाकली आणि थांबला.

"ताई, हे तुम्ही केलंय?"

"का?"

"खालचापण उतरवलाय तुम्ही."

मी बघितलं. उतरवला होता. अगदी सरळ दिसत होतं. वरचा अर्धा चढलेला, खालचा अर्धा उतरलेला, दोन अर्धे मिळून पूर्ण होत नाहीत, मधल्या फटीतून मागचा काळा पडदा दिसतो. हे या कामातलं मुळाक्षर आहे. पलंगपोस बदलताना आधी नवा वर पसरावा, जुना खालीच असू द्यावा, म्हणजे गादी उघडी पडत नाही. हा दृष्टान्तसुद्धा माझाच. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी हाच देते.

चष्मेवाल्याने माझीच नक्कल केली. बोट वर, मान वाकडी. "वरच्याला हळूहळू चढव. खालच्या लेयरला हात लावायचा नाही!"

"दमले रे," मी म्हटलं.

"खालचा पूर्ण ठेवा की. काळवंडणार नाही."

"मग ही बाई शेवटपर्यंत दिसत राहते."

"राहू दे ना. वरची आली की झाकली जाईल आपोआप. पुसायची कशाला?"

त्याला म्हटलं, तुझी कॉफी गार होतेय, जा. एवढी वर्षं हे काम करून माझ्या हातून ही चूक झालीच कशी? दमणूक. दुसरं काय असणार?

मग मी तो तुकडाच काढून टाकला. ना राहील बांबू, ना वाजेल बासरी. धक्का नको, बाई नको. बाईंचे दोन शॉट ठेवलेत, डेकवरचा एक आणि शिडीचा एक. तेवढे पुरेत. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तर म्हणू देत.

१९ मार्च, मंगळवार

शेवटच्या फ्रेमसाठी आज मुंगीला स्टुडिओत बोलावलं. मी आणि ती, शेजारी शेजारी, मागे पांढरा पडदा. मी केस बसवून घेतले होते. चष्मेवाला कॅमेऱ्यावर.

कॅमेऱ्याच्या या बाजूला उभं राहायची मला सवयच नाही. हातांचं काय करायचं ते कळेना. मुंगी मला कोपराने ढोसत होती.

"मावशी, हस ना. दात काढायला आल्यासारखी काय उभी आहेस?"

"हसतेय."

"हे हसणं?" आणि मग मध्येच म्हणाली, "तू समोर नसलीस की मला पण कुठे बघायचं ते कळत नाही."

मी म्हटलं, कॅमेऱ्यात बघायचं, एवढं साधं. ती बघत होती चष्मेवाल्याच्या डोक्यावरून कुठेतरी. जे आलं ते बघितलं. पारपत्रावर लावायला दोघी तयार. पण शेजारी मी आहे ना! तेवढं पुरे. हीच शेवटची फ्रेम.

जाताना तिने विचारलं, "धक्क्यावरचा शॉट कसा झाला?" मी म्हटलं, जमत नाहीये, खोट आहे त्यात. तिचा चेहरा उतरला. आई दिसणार नाही म्हणून उतरला असणार, आणखी कशाने?

२४ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाई काल आल्या आणि आज स्टुडिओत हजर. "फिल्म बघायला मिळेल का?" नाही कसं म्हणणार? केस पिकलेत पण तेही व्यवस्थित पिकलेत, कुणी बसून रंगवल्यासारखे. मला वाटलं आता स्वतःचे दोनच शॉट बघून नाराज होतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, वेळ कमी होता म्हणून.

त्यांनी पूर्ण फिल्म बघितली. माझी नि मुंगीची शेवटची फ्रेम बघून "छान" म्हणाल्या. मग विचारलं,

"याला आवाज नाही का?"

"संगीत घातलंय की."

"तसं नाही. मूळचा आवाज. ती काय बोलायची, ते."

मी मूळ क्लिप लावल्या. मुंगी सायकलवर आणि माझी आरडाओरड. मुंगी झाड झालेली आणि "हात वर, फांद्या वर, शाबास!" पडलेला दात, आणि मी, "बघू बघू, इकडे बघ." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून ऐकत बसल्या.

"आणखी आहेत?"

मग धक्क्यावरचा लावला. आपला जुना शॉट बघून खूश होतील असं वाटलं. तो संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लावता?" पुन्हा लावला. मुंगी त्यांचा हात धरून चालते, माझा आवाज, "मुंगी, सावकाश. पाय बघ." आणि मुंगी वळते.

"ती सगळीकडे कॅमेऱ्याकडेच बघते," बाई म्हणाल्या.

"हो ना. किती वेळा सांगितलं. खोडच आहे."

"हा पण तुम्हीच काढला होतात."

"मग काय, दुसरं कोण होतं तिथे?"

बाईंनी पडद्यावरच्या हातांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी हात माझ्या हातात होता. पण पूर्ण धक्काभर ती मला ओढत होती. मागे. मला वाटलं, शंख बघायचाय." चष्मा काढून पुसला. "मी जहाजावरून फोन करायचे ना, अर्धा वेळ तुमच्याच तक्रारी. मावशी ओरडली. मावशीने दूध प्यायलाच लावलं. मावशी झोपेपर्यंत बसली. मी हूं हूं करत ऐकायचे. खरं सांगू? फार हेवा वाटायचा तुमचा. अजून वाटतो."

मी म्हटलं, "चहा घेणार का?"

माझा हेवा! स्कार्फवाल्या बाईंना! दुधाच्या कपाचा हेवा! तोंडदेखलं बोलत असणार, पाहुणीने बोलावं तसं. पण डोळे भरलेले होते, ते काही कुणी तोंडदेखले भरत नाही. जाताना म्हणाल्या, "मला त्या क्लिपांची एक प्रत द्याल का? आवाज असलेली."

त्या गेल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? आणि थोड्या वेळाने तेवढंच वाईटही वाटलं. हे दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला सांगता यायचं नाही.

२५ मार्च, सोमवार

बाईंच्या शब्दाला मान म्हणून सगळ्या क्लिपांना मूळ आवाज परत जोडला. संगीत मागे ढकललं. कावळा तर कावळा.

धक्क्याचा तुकडाही परत आणला. खालच्या लेयरला हात लावला नाही. बाई आहेत तशा, पूर्ण. वरून मोठी मुंगी चढत येते. अजिबात काळवंडत नाही.

एक गंमत झाली. लहान मुंगी जिथे वळून बघते, नेमकी तिथेच मोठी वळते. मी काही मोजूनमापून घेतलं नव्हतं. नवा शॉट काढतानाही मी "सावकाश, पाय बघ" असं ओरडलेली आहे, तेही आज ऐकलं. एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा असा वर आला की कुठे शिवण दिसत नाही. चष्मेवाल्याने कॉफी खाली ठेवून टाळी वाजवली.

मग मी आमची पारपत्रवाली फ्रेम काढून टाकली. त्या धक्क्यानंतर ती बघवेना. फिल्म आता मोठ्या मुंगीच्या वळलेल्या चेहऱ्यावर संपते. शेजारी कुणी नाही, ना बाई ना मी. ज्या फ्रेमसाठी महिनाभर जळले ती मी अशी सोडून दिली. नवऱ्याला सांगितलं. त्याने पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "मग दाखव की मला." दाखवली. नंतर बेसिनवर बराच वेळ तोंड धूत होता.

३१ मार्च, रविवार

काल लग्न झालं. सकाळी सह्या, संध्याकाळी हॉल.

पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती, नवऱ्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई. मी बसले नाही. हॉलचा प्रोजेक्टर चालवणारा माणूस बेभरवशाचा वाटला, सारखा फोनवर. म्हणून मी सगळ्यात मागे, टेबलाजवळ, माझ्या लॅपटॉपपाशी उभी राहिले. आपलं काम आपण बघितलेलं बरं. शिवाय तिथून सगळ्यांची डोकी दिसतात.

दिवे मालवले. मुंगी आणि जावई मंचावर, पडद्याच्या एका बाजूला. फिल्म सुरू झाली. माझ्या आवाजावर लोक हसले. "नाक पूस आधी" ला तर जोरात हसले. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाई डेकवर आल्या, शिडीवर आल्या, सुंदर दिसल्या. कुणीतरी "ही आई का?" असं विचारलं, तेही ऐकलं. आत जरा कळ आली. नाही म्हणणार नाही.

मग धक्का. लांब सावल्या, बाईंचा हात, आणि स्पीकरमधून माझा आवाज, एवढ्या मोठ्या हॉलभर. "मुंगी, सावकाश. पाय बघ."

पडद्यावरची लहान मुंगी वळली. तिच्यातून मोठी वर आली, तीही वळली. आणि मंचावर उभी असलेली मुंगी, नवरीच्या ड्रेसमध्ये, खालची पट्टी दोन बोटं वर घेतलेली, तीही वळली. पडद्याकडे नाही. पडद्याला पाठ करून हॉलकडे. पहिल्या रांगेतल्या माझ्या रिकाम्या खुर्चीकडे आधी बघितलं. मग प्रोजेक्टरचा झोत डोळ्यांवर येत होता म्हणून कपाळावर हात आडवा धरला आणि त्या अंधारात शेवटच्या रांगेपर्यंत शोधत राहिली, मी सापडेपर्यंत.

मी सापडले तशी हसली. मग डॉक्टरीणबाई वळल्या, नवरा वळला, आणि हळूहळू सगळा हॉल मान मोडून मागे बघायला लागला. एवढ्या मेहनतीने केलेली शेवटची फ्रेम पडद्यावर तशीच राहिली, तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "अगं, समोर बघ!"

तिने ऐकलं नाही. शॉटची वाट लावायची खोड काही गेली नाही तिची.